हात बांधलेला खेळाडू

'मेटल गिअर सॉलिड ३' (२००४) या गेमच्या शेवटी पांढऱ्या फुलांचं एक माळरान आहे. नायक स्नेकने आपल्या गुरूला, 'द बॉस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाईला, लढाईत हरवलं आहे. ती आडवी पडली आहे आणि मला मार, असं तीच त्याला सांगते आहे. कटसीन, म्हणजे खेळ थांबवून दाखवलं जाणारं दृश्य, बराच वेळ चालतो. संवाद संपतात, स्नेक बंदूक रोखतो आणि दृश्य तसंच उभं राहतं. पहिल्यांदा खेळणारा वाट बघत बसतो. गेम अडकला की काय, अशीही शंका येते. मग उमगतं, की अडलंय ते आपल्यापाशी. चाप ओढण्याचं बटण आपणच दाबायचं आहे.

दिग्दर्शक हिदेओ कोजिमा यांनी इथे जे केलं ते सिनेमात जमणारं नाही. त्या क्षणापर्यंत शेकडो वेळा दाबलेलं तेच बटण एकाएकी जड होतं. कटसीनबद्दल बोलताना आपण सहसा चित्रांची भव्यता, संगीत, नटांचे आवाज यांवर बोलतो. माझ्या मते या सगळ्याचा वाटा दुय्यम आहे. दृश्य सुरू होण्याआधी खेळाडूच्या हातात काय होतं आणि ते संपल्यावर काय उरलं, यावर त्याचं स्मरणात राहणं ठरतं. गेल्या चाळीसेक वर्षांत या कलेचे जे चढउतार झाले, त्यांच्याकडे याच बाजूने बघायचं आहे. (रहस्य फुटण्याची धास्ती असलेल्यांनी इथेच थांबावं. शेवट सांगितल्याशिवाय या विषयावर काही लिहिता येत नाही.)

सुरुवातीच्या काळात या गोष्टी फार थोडक्यात उरकल्या जात. 'पॅक-मॅन'मध्ये (१९८०) दुसरी लेव्हल संपली की एक छोटा विनोद दिसतो. लाल भूत पॅक-मॅनच्या मागे लागतं, दोघं पडद्याबाहेर जातात, आणि परत येताना भूत पुढे पळतंय आणि मागे अगडबंब झालेला पॅक-मॅन. बस, एवढंच. पण पाठलाग करणारा आणि पळणारा यांची अदलाबदल हाच तर त्या खेळाचा नियम आहे. खेळाडू घटकाभर दम खातो, तेवढ्यात त्याचाच खेळ त्याला गंमत म्हणून दाखवला जातो.

जॉर्डन मेक्नर यांनी 'कराटेका'मध्ये (१९८४) सिनेमातली एक जुनी युक्ती आणली. इकडे नायक लढतोय, तिकडे कोठडीत राजकन्या मारिको बसलीय, पलीकडे खलनायक अकुमा पहारेकऱ्यांना हुकूम सोडतोय, अशी दृश्यं आलटून पालटून येतात. हे कौतुकाचं आहेच, पण मेक्नर यांचा खरा खट्याळपणा शेवटी आहे. अकुमाला मारून तुम्ही कोठडीत शिरता. संपूर्ण गेमभर ज्या लढाऊ पवित्र्यात वावरलात त्याच पवित्र्यात तिच्याकडे गेलात, तर मारिको एका लाथेत तुमचा खातमा करते. पवित्रा सोडून साधेपणाने गेलात, तरच ती गळ्यात पडते. त्या शेवटाचा अर्थ तुमच्या उभं राहण्यावर अवलंबून आहे!

१९८७च्या 'मॅनिअ‍ॅक मॅन्शन'मध्ये तर ही दृश्यं बघितल्याशिवाय भागतच नाही. कटसीन हे नाव रूढ करणारे रॉन गिल्बर्ट यांचाच हा गेम. दारावरची घंटा वाजते, वरच्या मजल्यावरचा एड पार्सल घ्यायला निघतो, हे आपल्याला दिसतं. त्यावरून त्याची खोली आता रिकामी आहे हे कळतं. पुढची चाल त्यावर ठरते. चित्रं ओबडधोबड, हालचाल जेमतेम, तरी एकही दृश्य वाया जात नाही.

नंतर सीडी आली. जागेची चणचण संपली आणि खरा मोह सुरू झाला. त्याच्या उंबरठ्यावरचा एक गेम मात्र आधी सांगायला हवा. 'फायनल फँटसी ६' (१९९४) कार्ट्रिजवरच निघाला. सेलिस ही सेनानी एका ऑपेरा गायिकेचं सोंग घेऊन रंगमंचावर जाते, असा त्यात प्रसंग आहे. यंत्राला माणसाचा आवाज काढता येत नव्हता, म्हणून संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी गळ्याशी दूरचं नातं सांगणारा एक कृत्रिम सूर वापरला. खेळाडूने आधी संहिता वाचायची, ओळी लक्षात ठेवायच्या आणि रंगमंचावर योग्य वेळी योग्य ओळ निवडायची. चुकलात की पुन्हा. आपल्या संगीत नाटकात पद सुरू झालं की कथानक थांबून राहायचं आणि प्रेक्षक खुशीने वन्समोअर द्यायचे. इथे पद आहे, कथानकही थांबलेलं आहे, फक्त गाणारणीच्या पोटातला गोळा प्रेक्षकाच्या पोटात आला आहे. आज ती चित्रं बघताना बाहुल्यांचा खेळ वाटतो, पण ज्याने तो प्रसंग खेळलाय त्याला ती चाल अजून गुणगुणता येते.

'फायनल फँटसी ७'मधला (१९९७) एरिथचा मृत्यू हा या कलेतला सर्वांत चर्चेतला प्रसंग. त्यावर इतकं लिहिलं गेलंय की नवं काही उरलं नसावं असं वाटतं. तरी त्याची बांधणी नीट बघण्याजोगी आहे. एरिथ प्रार्थनेला बसली आहे. नायक क्लाउड तिच्यापर्यंत पोचतो आणि भारल्यासारखा तिच्यावरच तलवार उगारतो. या क्षणी गेम ताबा खेळाडूकडे देतो, पण कुठलंही बटण दाबलं तरी क्लाउड वाराच्याच दिशेने सरकतो. साथीदार ओरडतात, तो भानावर येतो, आपण सुटकेचा श्वास टाकतो. आणि वरून खलनायक सेफिरोथ उतरून तिच्या आरपार तलवार घालतो. तिच्या केसांत बांधलेला पांढरा मणी निसटून पायऱ्यांवर टप्पे घेत पाण्यात पडतो. त्याच टप्प्यांवर तिची धून सुरू होते. लगेच एका राक्षसाशी लढाई जुंपते, पण लढाईचं नेहमीचं संगीत वाजतच नाही. तीच धून चालू राहते. म्हणजे कटसीन संपतो, हात मोकळे होतात आणि शोक मात्र हाताबरोबर लढाईत उतरतो.

आणि खरा घाव त्यानंतरचा आहे. एरिथ जखमा भरून काढणारी. तिघांच्या चमूत अनेकांनी तिला कायमची जागा दिलेली असते, तासन्‌तास खपून तिची ताकद वाढवलेली असते. पुढच्या वेळी यादी उघडल्यावर ती नसते. तिच्याजवळचे जादूचे मणी निमूटपणे परत थैलीत आलेले असतात. कथाकारांनी पात्र मारलं की प्रेक्षक हळहळतो. इथे हळहळीत स्वतःची मेहनत वाया गेल्याचा अगदी व्यवहारी संतापही मिसळला आहे. तो संताप त्या दुःखाला कमीपणा आणत नाही, उलट त्याला वजन देतो, असं मला वाटतं.

पुरावा हवा असेल तर २०२४चा 'फायनल फँटसी ७ रीबर्थ' बघावा. तोच प्रसंग आता विलक्षण सफाईने, प्रत्येक पापणी दिसेल असा पुन्हा उभा केला आहे. पण यात क्लाउड वार अडवतो की नाही, ती गेली की वाचली, अशी मुद्दाम धूसरता ठेवली आहे. चर्चेला खाद्य मिळालं. १९९७च्या त्या ठोकळेबाज आकृत्यांनी दिलेला रोख धक्का त्यात नाही.

दरम्यान सिनेमाची हौस फोफावली होती. 'विंग कमांडर ३'मध्ये (१९९४) खुद्द मार्क हॅमिलला घेऊन खऱ्या नटांचे प्रसंग चित्रित झाले. आज ते जुन्या टीव्ही मालिकेसारखे दिसतात आणि त्यातलं काही आठवतही नाही. कोजिमा यांनाही ही बाधा झालीच. 'मेटल गिअर सॉलिड ४'चा (२००८) समारोप एक तासाहून लांब आहे. कंट्रोलर बाजूला ठेवून चहा करून यावा. गंमत अशी, की त्याच गेममध्ये सूक्ष्मलहरींनी भाजून काढणाऱ्या बोळातून स्नेक रांगत जातो, तेव्हा खेळाडूला एकच बटण मनगट दुखेपर्यंत बडवावं लागतं. पडद्याच्या एका भागात इतरांची लढाई चालू, दुसऱ्या भागात हे सरपटणं. तो बोळ सगळ्यांना आठवतो. समारोपातली भाषणं कुणी आठवून सांगावीत!

व्हॉल्व्ह कंपनीने 'हाफ-लाइफ'मध्ये (१९९८) उलटं टोक गाठलं. कटसीनच नको. सगळं नायकाच्या डोळ्यांतून, ताबा कायम आपल्याकडे. त्या शिस्तीचा दरारा इतका, की पुढे 'बायोशॉक'ने (२००७) तिचाच सापळा केला. समुद्राखालच्या शहरात रेडिओवरचा एक आवाज आपल्याला नम्रपणे कामं सांगतो, आपण ती करत जातो. अँड्र्यू रायनच्या दालनात कळतं, की त्या विनंत्यांमधला एक ठरावीक शब्दप्रयोग हा नायकाच्या डोक्यात पेरलेला हुकूम होता. तिथे गेम ताबा काढून घेतो आणि रायनच्या आज्ञेवरून आपलेच हात गोल्फच्या काठीने रायनला ठेचतात. हात बांधले जाणं हाच तिथला आशय आहे. दुर्दैवाने त्यानंतर गेम आणखी काही तास चालतो आणि आपण पुन्हा रेडिओवर सांगितलेली कामं करायला लागतो. दिग्दर्शक केन लेव्हिन यांच्याकडे प्रश्न जबरदस्त होता, पुढे काय करायचं ते नव्हतं.

नुसतं बटण दाबायला लावलं म्हणजे सहभाग होत नाही, हे 'कॉल ऑफ ड्यूटी: अ‍ॅडव्हान्स्ड वॉरफेअर'ने (२०१४) दाखवून दिलं. मित्राच्या अंत्यविधीत शवपेटीपाशी उभं राहिल्यावर पडद्यावर सूचना येते, की श्रद्धांजलीसाठी एफ दाबा. जगभर हसं झालं. आज आपल्याकडची पोरंही कुणाचा फोन फुटला तरी चॅटमध्ये नुसतं एफ टाकतात, त्याचा उगम हा. त्याच्या वर्षभर आधीच जोसेफ फारेस यांच्या 'ब्रदर्स'ने हे काम कसं करतात ते दाखवलं होतं. दोन भाऊ, कंट्रोलरची डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. धाकट्याला पाण्याची भीती. नदी आली की तो थोरल्याच्या पाठीवर. थोरला मरतो. परतीच्या वाटेवर नदी लागते आणि धाकटा काठावर अडून बसतो. शेवटी खेळाडू थोरल्याचं, म्हणजे इतका वेळ निरुपयोगी पडलेलं बटण दाबून बघतो, आणि पोरगं पाण्यात उतरतं. एक अक्षर संवाद नाही.

आपल्याकडे कटसीनचं नशीब आणखी वेगळं होतं. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून 'व्हाइस सिटी' खेळणाऱ्या पोराने गोष्ट ऐकत बसणं शक्यच नव्हतं; दृश्य सुरू झालं की स्किप. शिवाय जागा वाचवण्यासाठी व्हिडिओ आणि आवाजाच्या फायली काढून टाकलेल्या चोरट्या 'रिप' सीड्या हातोहात फिरत. आपल्या दोनतीन पिढ्यांतल्या बऱ्याच जणांनी कित्येक गेम गोष्ट काढून घेतलेल्या अवस्थेत खेळले, आणि ती गोष्ट पुढे यूट्यूबवर एकत्र जोडलेल्या दृश्यांतून बघितली. त्यांना विचारा, फार काही झालं नाही म्हणतील. हात रिकामे असताना एरिथ मेली तर ती फक्त एका कार्टूनमधली मुलगी असते.

आजच्या मोठ्या स्टुडिओंकडे नटांच्या चेहऱ्याची शीरन्‌शीर टिपणारी यंत्रणा आहे, आणि त्यामुळेच त्यांची दृश्यं एकमेकांसारखी व्हायला लागली आहेत. खर्जात बोलणारा थकलेला बाप, त्याच्यासोबत एक मूल, दोघं अरुंद कपारीतून अंग चोरून जाताहेत (मागे पुढचा भाग लोड होतोय, म्हणून ती कपार). 'द लास्ट ऑफ अस'ने (२०१३) हे कमावलं होतं. तिथे आधी आपण मुलगी सारा म्हणून घरभर हिंडतो आणि मग तिलाच उचलून पळणारा बाप होतो, म्हणून तिचा मृत्यू दुहेरी लागतो. २०१८च्या 'गॉड ऑफ वॉर'ने संपूर्ण गेम एकाच अखंड शॉटमध्ये बांधला. कसरत मोठी, पण मला त्यातलं आठवतं ते नायक क्रेटोसचं घरी परतणं आणि जमिनीखाली पुरलेली साखळीची पाती उकरून काढणं. मुलाचा जीव वाचवायचा तर गत्यंतर नाही. दृश्य संपतं आणि ती पाती आपल्या हातात येतात. २००५पासूनचे गेम खेळलेल्यांच्या बोटांना ते वार पाठ असतात. क्रेटोसला नको असलेला भूतकाळ आपल्याला मात्र सुखावतो, आणि त्या सुखाची थोडी लाज वाटते.

'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३' (२०२५) या फ्रेंच गेमने एरिथचा धडा उलटा गिरवला. पहिल्या अंकाच्या अखेरीस नायक गुस्ताव्ह मारला जातो आणि त्याची जागा रिकामी न राहता व्हर्सो येऊन घेतो, गुस्ताव्हच्याच तलवारी वापरतो. सोय झाली, आणि सोय झाली म्हणूनच व्हर्सोविषयी मनात अढी बसते. पुढची सगळी गोष्ट त्या अढीवर उभी आहे. अलीकडे इतकी हुशार चाल मी बघितली नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' (२०२०) या पंक्तीत बसवणं कदाचित अन्यायाचं होईल, छोटा स्टुडिओ, तुटपुंजा पैसा. पण त्यांनी कटसीनसाठी छायाबाहुल्यांचा खेळ निवडला, तेव्हा मी सावरून बसलो. अपहृत भाऊ गोलूला शोधणारी राजी, वर दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन, आणि पडद्यावर सावल्या. दिसायला देखणं आहे. खेळताना राजी खांबांवर चढते, भिंतींवरून धावते, तिच्या अंगात सर्कस आहे. दृश्य लागलं की ती कागदासारखी चपटी होते आणि देव बोलत राहतात. दोन्हींचा सांधा कुठेच जुळत नाही, आणि शेवट तर अर्ध्यावर तोडल्यासारखा येतो. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या नाचतात, कारण त्यांची काठी कुणीतरी हातात धरलेली असते. 'राजी'तल्या सावल्यांची काठी एकदा, निदान गोलू हरवतो त्या प्रसंगात, खेळाडूच्या हातात द्यायला हवी होती. त्याला मोठं बजेट लागलं नसतं.