सूक्ष्मतरंग उपकरणांतील फेरोइलेक्ट्रिक पदार्थ : एका आढावा-लेखाचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना : बिनतारी संदेशवहनात एकाच अँटेनाला अनेक वारंवारतांवर काम करावे लागते. फेरोइलेक्ट्रिक पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक विद्युत क्षेत्राने बदलता येतो. या गुणास मेलनक्षमता म्हणता येईल. त्यासाठी बेरियम स्ट्रॉन्शियम टायटनेटचा अभ्यास विशेषत्वाने झाला. टॅगान्त्सेव्ह, सेटर व सहकाऱ्यांनी २००३ साली ‘जर्नल ऑफ इलेक्ट्रोसिरॅमिक्स’मध्ये प्रसिद्ध केलेला आढावा या विषयातील महत्त्वाचा लेख होय.

विवेचन : बेरियम टायटनेटचे संक्रमण तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअस असते. स्ट्रॉन्शियम मिसळल्यास ते खाली येते व सामान्य तापमानास पदार्थ पॅराइलेक्ट्रिक अवस्थेत राहतो. त्यामुळे हिस्टेरिसिस टळते. मात्र संक्रमणाच्या जवळ मेलनक्षमता वाढते, तशी ऊर्जाहानी आणि तापमानानुसार होणारा बदलही वाढतो. केवळ मेलनक्षमतेच्या टक्केवारीवरून पदार्थाची योग्यता ठरविणे म्हणूनच अपुरे ठरते.

या लेखाचे खरे श्रेय हानीच्या मीमांसेत आहे. स्फटिकजालाच्या कंपनांमुळे होणारी अंगभूत हानी आणि विद्युतभारित दोषांसारख्या कारणांनी होणारी बाह्य हानी यांत लेखक स्पष्ट भेद करतात. निर्मितीपद्धती सुधारून कोणती हानी कमी होईल व कोणती अटळ आहे, हे त्यावरून समजते. याहून मार्मिक मुद्दा असा की, मेलनासाठी दिलेले स्थिर क्षेत्रच स्फटिकाची केंद्रीय सममिती मोडून अतिरिक्त हानी निर्माण करते. मेलनाची किंमत अशा रीतीने पदार्थाच्या स्वभावातच दडलेली आहे.

मर्यादा : लेखाच्या केंद्रस्थानी पदार्थ आहे, उपकरणाचे अर्थकारण नाही. २०१२ साली रिसर्च इन मोशनने पॅराटेक ही कंपनी विकत घेतली आणि असे मेलनक्षम कपॅसिटर भ्रमणध्वनीच्या अँटेनासाठी उपयुक्त असल्याचे अधोरेखित झाले. तथापि त्याच कामासाठी सिलिकॉनचे स्विचही वापरले जातात. नियंत्रक व्होल्टता, रेषीयता आणि खर्च या निकषांवरील ही स्पर्धा केवळ पदार्थविज्ञानाच्या चौकटीत मोजता येत नाही.

निष्कर्ष : पदार्थ ‘किती बदलतो’ याबरोबरच ‘बदलताना किती गमावतो’ हा प्रश्न या आढाव्याने अभ्यासाच्या मध्यभागी आणला. नव्या संशोधकाने मेलनक्षमता, हानी व तापमान-स्थैर्य यांची मापने एकाच नमुन्यावर, एकाच वारंवारतेस एकत्रित द्यावीत, हाच त्याचा चिरस्थायी बोध होय.