खचणें

जपानी भाषेंत 'उचिहिशिगारेरु' असें एक क्रियापद आहे. भाषेचा बराच अभ्यास झाल्यावर विद्यार्थ्याच्या वाट्यास तें येतें. दुःखानें पार हताश होणें, हा त्याचा अर्थ. पण त्याची घडण पाहावी. 'उत्सु' म्हणजे मारणें, 'हिशिगु' म्हणजे चिरडणें, आणि शेवटचा प्रत्यय कर्मणि प्रयोगाचा. माणूस तडाखा खाऊन चिरडला जातो. मारणारें दुःख बाहेरचें.

ह्यास मराठी प्रतिशब्द कोणता, हा विचार करतांना आम्हांस लातूर जिल्ह्यांतील किल्लारी हें गांव आठवलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें, गणपति बोळवून लोक निजले असतां, त्या गांवीं व आसपासच्या मुलखांत भूकंपानें सुमारें ८ हजार माणसें मृत्यु पावलीं. ह्या भूकंपाविषयींच्या लेखनांत 'मनें उद्ध्वस्त झालीं' हा प्रयोग आम्हांस वारंवार भेटला, आणि कधींच रुचला नाहीं. उद्ध्वस्त होतें तें घर, तेंहि क्षणांत. मनाला इतकी घाई नसते.

नांदेड-लातूरकडचा माणूस अशा वेळीं म्हणतो, 'तो खचला.' भिंत खचते, रस्ता खचतो, विहिरीचा कांठ खचतो, तसा माणूसहि. किल्लारीकडील जुन्या घरांच्या भिंती मातींत बसविलेल्या दगडांच्या, चांगल्या जाड, आणि वर मातीचें जड माळवद. भिंतीचे आंतला व बाहेरचा असे दोन थर आरपार दगडांनीं सांधलेले बहुधा नसत. तीं घरें त्या पहाटें कोसळलीं. खचलीं असें कोणी म्हणणार नाहीं. खचलीं तीं माणसें, आणि तींहि मागाहून: पत्र्याच्या शेडांत, पुढें नव्या वसलेल्या गांवांत, एखाद्या सणाच्या दिवशीं. खचण्याला मारणारा लागत नाहीं. पायांखालचा आधार गेला कीं पुरे.

आपल्याकडे 'हाय खाणें' असाहि प्रयोग आहे. त्यांत तर माणूस स्वतःच कर्ता. दुःख तोच खातो, आणि बहुधा त्यांतून उठत नाहीं. जपानी कर्मणीच्या हें अगदीं दुसऱ्या टोकाला. 'खचणें' ह्या दोहोंच्या मध्यें बसतें, आणि म्हणूनच कीं काय, तें नकारार्थी आज्ञेंत सहज शोभतें. 'खचूं नको, माय,' असें शेजारीण म्हणते. 'उद्ध्वस्त होऊं नको' असें सांत्वन कोणी करील काय?

तेव्हां भाषांतरकारानें 'खचणें' घ्यावें, असें आमचें मत. मात्र जपानी शब्दांतला तो मारणारा हात त्यांत सांपडत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. आणि 'दुःखाचा आघात' म्हणून तो परत आणूं गेल्यास शोकसभेंतलें भाषण तेवढें हातीं येतें.