लंब आणि तिरपे : खेळांच्या नकाशांचा दृष्टिकोन

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य खेळांचे नकाशे हा समीक्षेचा विषय आहे, असे म्हटले की माझे साहित्यिक मित्र हसतात. पण या नकाशांना दृष्टिकोन असतो, आणि तो अगदी कादंबरीला असतो त्या अर्थाने. सांगणारा कुठे उभा आहे, त्याला काय दिसते, समोरच्याला तो किती दाखवतो, हे प्रश्न इथेही लागू पडतात. त्यांच्या मागे जाताना मी दोन महायुद्धांमधल्या टेहळणी विमानांपाशी पोहोचलो. दोहोंत थेट वारसा आहे असा माझा दावा नाही. खेळांचा वारसा प्रशियाच्या लष्करी 'क्रीगश्पील'कडे जातो, आणि १८२४ साली राइसवित्झने त्याचे नियम छापले तेव्हा विमान नव्हतेच. तरीही जमिनीकडे वरून पाहण्याच्या दोन रीती या विमानांच्या कामात जितक्या स्पष्ट दिसतात, तितक्या मला अन्यत्र दिसल्या नाहीत.

वेस्टलँड वापिटी घ्या. काटकसरीच्या काळातले हे दुपंखी विमान. जुन्या डीएच-९ए विमानाचे भाग त्यात वापरता यावेत, ही त्याच्या आखणीमागची अट होती. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला ड्रिग रोड येथे भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, ती चार वापिटींवर. पुढे वैमानिक, मागे उघड्यावर निरीक्षक. हॉकर ऑडॅक्स या जातभाईला तर खाली एक आकडा असे. जमिनीवरच्या सैनिकांनी ताणलेल्या दोरीला बांधलेला निरोप उडता उडता उचलायचा. म्हणजे वर असलेल्यालाही खालच्याचे ऐकून घ्यावे लागे.

हवेतून छायाचित्र दोन प्रकारे घेतात. कॅमेरा थेट खाली रोखला की लंब छायाचित्र मिळते. त्यावर अंतर मोजता येते, पण डोंगर सपाट होतो. उंचीचा अंदाज सावलीवरून बांधावा लागतो. कोन करून घेतले की तिरपे. त्यात डोंगर डोंगरासारखा दिसतो, पण पट्टी लावता येत नाही. ड्रिग रोडच्या त्या दिवसानंतर दोनच दिवसांनी, ३ एप्रिलला, बिहारमधल्या पूर्णियाजवळून वेस्टलँडचीच दोन दुपंखी विमाने एव्हरेस्टवरून गेली. तिरपी चित्रे मिळाली. मोजणीसाठीची लंब चित्रे मात्र फसली, कारण खालच्या टेकड्यांवर धुळीचे धुके होते आणि ज्ञात खुणांशी सांधा जुळेना. म्हणून १९ एप्रिलला, वरिष्ठांची मनाई डावलून, पुन्हा उड्डाण झाले. जगातले सर्वोच्च शिखर पाहून झाले होते. ते नकाशात बसवण्यासाठी दुसऱ्यांदा जीव धोक्यात घालावा लागला.

आता खेळाकडे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला, तेव्हा भुयाराचा नकाशा फक्त पंचाकडे असे. तो तोंडी वर्णन करी आणि खेळाडूंपैकी एकजण आलेखाच्या कागदावर चौकोन मोजत नकाशा काढी. हा माणूस मला विमानातल्या मागच्या बैठकीवरच्या निरीक्षकाचा सख्खा भाऊ वाटतो. त्याचा कागद चुकत असे, पंचाच्या नकाशाशी जुळत नसे, आणि त्या न जुळण्यातच खेळाचे भय होते. जमीन पायांनी कळत असे.

आजच्या छापील किंवा पडद्यावरच्या युद्धनकाशाने या माणसाला घरी पाठवले. एक चौकोन म्हणजे पाच फूट, तलवार पोहोचते की नाही यावर वाद नको. ही सोय खोटी नाही. चार तास वाद घालणाऱ्या खेळाडूंबरोबर बसलेल्या कुणालाही ती पटेल. चित्रकारही कसबी आहेत. झाडाची, भिंतीची सावली टाकून ते लंब दृश्यात उंची आणतात. पण एक गोष्ट मला खटकते. या नकाशांतल्या घरांना छपरेच नसतात. खाट, चूल, उलटलेले बाकडे, सगळे वरून उघडे. असे दृश्य कुठल्याही वैमानिकाला कधी दिसले नाही. कॅमेऱ्याची अचूकता आणि सर्वज्ञ निवेदकाची नजर एकत्र आणली, आणि मग संगणकाने त्यावर काळे आवरण घालून अज्ञान परत आणायचे, असा हा उलटा व्यवहार आहे. आवरण सरकते, खोली उघडते. खेळाडू काही शोधत नाही, त्याला दाखवले जाते.

तिरप्या दृष्टीचा प्रयोग झालाच नाही असे नाही. १९८३ च्या 'रेव्हनलॉफ्ट'मध्ये डेव्हिड सदरलँड यांनी किल्ल्याचे मजले कोनातून काढले. जिना कुठून कुठे चढतो, मनोरा कशावर उभा आहे, हे त्यात कळते. खेळताना ते नकाशे वाचायला त्रास होतो, हे मान्य. माझ्या मते तो त्रास त्या किल्ल्याला शोभतो.

याहून अवघड प्रश्न १९७९ च्या 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स'ने उभा केला आहे. गायगॅक्सच्या या साहसाचे नावच सरहद्दीवरून आहे. त्यातल्या घळीच्या नकाशावर समोच्च रेषा आहेत, गुहांना अक्षरे आहेत, खोल्यांना आकडे आहेत. लष्करी मोजणीखात्यात खपून जावा असा नकाशा. सरहद्द म्हटले की मला आपल्या त्या पहिल्या स्क्वाड्रनची वापिटी आठवतात. १९३७ मध्ये ती वझिरीस्तानातल्या मिरानशाहवरून उडत होती. त्या मुलखातली ब्रिटिशांची रीत अशी, की वस्तीवर आधी इशाऱ्याची पत्रके टाकायची आणि मग बाँब. वरून वस्ती म्हणजे भिंतींचे चौकोन.

गायगॅक्सच्या मजकुरात त्या गुहांमधल्या राक्षसी टोळ्यांच्या बायका आणि पोरे नोंदलेली आहेत, मोजून. खेळाडूंनी त्यांचे काय करायचे, हे पंचावर सोडले आहे. नकाशावर त्या जागी फक्त खोलीचा आकडा आहे.