‘शांतता!’ मधील सामंतांची साक्ष

श्री. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने रंगभूमीवर आणले. बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे होत्या. वाचकांच्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी कोणी मुंबई सोडण्यापूर्वी ते पाहिलेही असेल. आम्ही ते पुन्हा वाचावयास घेतले ते एका साक्षीदारासाठी.

सामंत हा गावातला भोळा माणूस. खोट्या खटल्यात त्याला उभे करतात, तेव्हा सांगायला त्याच्यापाशी काहीच नसते. म्हणून तो हातातल्या कादंबरीवरून साक्ष देतो! सारे काल्पनिक आहे हे कोर्टातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही सुखात्मे वकील त्याच साक्षीवर पुढची उलटतपासणी उभी करतात. बेणारेबाईंचा चेहरा पडतो आणि तोच पुरावा ठरतो. खरे सांगायचे तर आम्हा वाचकांनाही ती साक्ष पटते. येथे तेंडुलकर आम्हालाच पकडतात, आणि ही पकड नाटकातील कोणत्याही भाषणापेक्षा जबरदस्त आहे.

पुढे कर्णिकाच्या तोंडून कळते की, बाई चौदा-पंधरा वर्षांच्या असताना सख्ख्या मामाने त्यांच्याशी संबंध ठेवले होते. सोळा वर्षांखालील मुलीच्या संमतीला त्या वेळच्या भारतीय कायद्यातही किंमत नव्हती. म्हणजे हा मामाचा गुन्हा. पण कोर्ट तो बाईंच्या चारित्र्यावरचा डाग म्हणून नोंदवते, आणि मामाला कोणी हाकही मारीत नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांत या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले. त्यातले आमच्या वाचनात जेवढे आले, त्यात अविवाहित मातेची शोकांतिका एवढेच फार. मामाची गोष्ट ओझरती.

हे सारे महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाचे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. इस्रायलमध्ये २००६ साली राष्ट्राध्यक्ष मोशे कात्साव स्वतःच महाधिवक्त्यांकडे गेले होते. तक्रार अशी की, एक माजी कर्मचारी स्त्री आपल्याकडून पैसे उकळू पाहते. म्हणजे प्रथम फिर्यादी तेच! चौकशी उलटली, आणखी स्त्रिया पुढे आल्या. ३० डिसेंबर २०१० रोजी तेल अवीवच्या जिल्हा न्यायालयाने दुसऱ्या एका कर्मचारी स्त्रीवरील बलात्काराबद्दल त्यांना दोषी ठरविले, त्यांची साक्ष खोटेपणाने भरलेली आहे असे सांगून. सात वर्षांची शिक्षा झाली. मधल्या साडेचार वर्षांत त्या स्त्रियांविषयी चहाच्या टेबलावर काय काय बोलले गेले, ते आठवून पाहावे. आमच्याही घरी बोलले गेले. बोलणाऱ्यांतल्या एकानेही त्यांना पाहिलेले नव्हते. त्यांचीही साक्ष कादंबरीवरूनच.

नाटकात आम्हाला एक उणीव वाटते. बाईंचे शेवटचे लांबलचक स्वगत सुंदर आहे, पण कोर्टातल्या कोणालाही ते ऐकू जात नाही. लेखकाने ते प्रेक्षकांच्या कानांसाठी राखून ठेवले. भर कोर्टात, काशीकरांच्या तोंडावर ते म्हटले गेले असते तर नाटक मोडले असते, असे जाणकार म्हणतील. मोडले असते तर मोडू द्यावयाचे होते.

शेवटी सामंत हिरवा कापडी पोपट हळूच बाईंपाशी ठेवतो आणि मागे सरतो. भला माणूस आहे. कादंबरीतली वाक्ये मात्र तो परत घेत नाही.