पाहुण्याने दाखविलेला आरसा

इंग्रज माणूस कसा असतो, हे इंग्रजांना खुसखुशीतपणे समजावून सांगितले ते एका हंगेरियन गृहस्थाने. जॉर्ज मीकेश हा बुडापेस्टचा वार्ताहर १९३८ साली म्युनिक पेचप्रसंगाचे वृत्त पाठविण्यासाठी दोन आठवड्यांच्या बोलीवर लंडनला गेला आणि तेथलाच होऊन राहिला. १९४६ साली त्याचे ‘हाउ टू बी अ‍ॅन एलियन’ हे चिमुकले पुस्तक निघाले. ते प्रसिद्ध करणारे आंद्रे डॉइच हेही मूळचे बुडापेस्टचेच. चित्रे तेवढी निकोलस बेंटली या इंग्रजाची!

हवापाण्याच्या गप्पा, दूध घालून बिघडविलेला चहा, रांगेत उभे राहण्याची राष्ट्रीय हौस, मनातले कधीही सरळ न बोलण्याची सभ्यता, या साऱ्यांची मीकेशने गंभीर चेहऱ्याने नियमावली केली आहे. आमची हयात सरकारी परिपत्रके लिहिण्यात गेली, तेव्हा या शैलीची गोडी आम्हांस विशेष. स्त्रीपुरुषांच्या शृंगारावरचे प्रकरण तर अवघ्या एका वाक्यात आटोपले आहे. त्यात गरम पाण्याच्या पिशवीचा उल्लेख येतो, एवढे सांगून आम्ही थांबतो.

पुस्तक वाचून इंग्रज खवळतील, अशी मीकेशची अपेक्षा होती. झाले उलटेच. त्यांनी ते डोक्यावर घेतले. लोक याला इंग्रजांचा दिलदारपणा म्हणतात. आमचे मत थोडे निराळे आहे. स्वतःवर हसणे ही ज्याचे आसन स्थिर आहे त्याला परवडणारी चैन आहे. शिवाय टीकेला हसून दाद दिली की उत्तर देण्याची जबाबदारी टळते. पुस्तकाच्या आरंभी मीकेश एक गोष्ट सांगतो: परका माणूस ब्रिटिश होऊ शकेल, इंग्रज मात्र कधीच होणार नाही. ज्या वर्षी पुस्तक निघाले त्याच वर्षी त्याला ब्रिटिश नागरिकत्व मिळाले, हे ध्यानात घेतले म्हणजे या विनोदातला काटा टोचतो. हसणाऱ्यांना तो टोचला नसावा.

पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मीकेशचा इंग्रज हा बहुतांशी लंडनचा, सुस्थितीतला, पांढरपेशा. खाणकामगार आणि गिरणीकामगार त्यात जवळजवळ दिसत नाहीत.

पुढे अर्धशतकाने ‘गुडनेस ग्रेशस मी’ ही बीबीसीची विनोदी मालिका आली. १९९६ साली नभोवाणीवर आणि १९९८ पासून २००१ पर्यंत दूरचित्रवाणीवर ती चालली. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि नीना वाडिया हे तिचे प्रमुख कलावंत. तिच्यातला एक प्रवेश गाजला. मुंबईतली हिंदी मंडळी रात्री झोकात ‘इंग्लिश’ खायला जातात, गोऱ्या वेटरच्या नावाचा चुथडा करतात आणि सर्वांत बेचव पदार्थ कोणता, याची चौकशी करतात. विलायतेत दारू पिऊन भारतीय उपाहारगृहांत गोंधळ घालणाऱ्यांची ही नक्कल. शब्द तेच, जागा फक्त बदललेल्या.

या दोन विनोदांतला फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो. मीकेशचा विनोद उंबरठ्यावर उभा आहे. तो यजमानाला हसवितो आणि आत बोलावण्याची वाट पाहतो. भास्कर, स्याल यांचा जन्मच इंग्लंडचा. ते घरात बसून बोलतात. आपण इंग्रज आहोत की नाही, हे ते कोणाला विचारीत नाहीत. उलट, यजमानालाच क्षणभर पाहुण्याच्या पाटावर बसवितात.

आम्हां इंदूरकरांना हे वाचताना पुण्याची लग्नघरे आठवली. तेथे कोणी काही बोलण्यापूर्वीच ‘आमच्या मराठीत हिंदी फार हो’ असे सांगून आपण हसे पिकवितो. मग कोणीतरी कौतुकाने म्हणते, ‘इंदूरचे असूनही तुम्ही मराठी छान बोलता!’ आणि आपण कृतकृत्य होतो. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहून, घरात मराठी टिकवून, अजून आपण मीकेशच्याच पायरीवर उभे आहोत. पुढच्या खेपेस एखाद्या पुणेकराच्या बोलण्यातले इंग्रजी शब्द मोजावेत आणि तितक्याच कौतुकाने म्हणावे, ‘पुण्याचे असूनही तुम्ही मराठी छान बोलता!’