मुक्तिदाता कोणाचा? : सायरसच्या मृत्तिकालेखाचे एक वाचन

प्राचीन जेते मुक्तिदाते होते की जुलमी, हा वाद बहुधा व्यक्तीच्या चारित्र्याभोवती फिरतो. ज्या संहितांच्या आधारे निवाडा दिला जातो, त्यांच्या निवेदनपद्धतीकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. इराणी सम्राट सायरस याचा मृत्तिकालेख या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

इ.स.पू. 539 मध्ये सायरसने बॅबिलोन जिंकले. त्यानंतर अक्कडी भाषेत लिहिला गेलेला हा दंडगोलाकार लेख 1879 मध्ये उत्खननात सापडला. 1971 मध्ये इराणच्या शाही राजवटीने त्याची प्रतिकृती संयुक्त राष्ट्रसंघाला भेट दिली आणि 'मानवी हक्कांची पहिली सनद' ही त्याची ख्याती दृढ झाली. 2013 च्या अखेरीस मूळ लेख मुंबईतील वस्तुसंग्रहालयातही प्रदर्शित झाला होता.

लेखाची घडण मात्र सनदेची नाही. आरंभी तृतीयपुरुषी निवेदक पराभूत राजा नबोनिडस याचे अपराध सांगतो. क्रुद्ध झालेला मार्दुक देव न्यायी राजाच्या शोधात सारे देश धुंडाळतो आणि सायरसचा हात धरतो. मग निवेदन एकाएकी प्रथमपुरुषी होते. राजा स्वतः बोलू लागतो. देवाने कौल आधीच दिलेला असल्यामुळे त्याच्या आत्मस्तुतीला वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही. ही मांडणी मेसोपोटेमियातील राजलेखांच्या जुन्या परंपरेतली आहे. जेता येथे जितांच्याच वाङ्मयप्रकारात बोलतो.

बॅबिलोन युद्धाविना हाती आले, असे लेख म्हणतो. नबोनिडसच्या नावाने ओळखले जाणारे कालवृत्त त्याला दुजोरा देते. पण त्याआधी ओपिस येथे झालेली लढाई, लूट आणि संहारही ते नोंदवते. मारले गेले ते प्रजाजन की सैनिक, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सायरसच्या लेखातून मात्र ती लढाईच गळलेली आहे. बॅबिलोनविषयी असत्य न बोलता, केवळ निवडीच्या बळावर, जेत्याचा मुक्तिदाता होतो.

तरीही ही प्रतिमा एकट्या जेत्याने घडवली, असे म्हणणे अपुरे ठरेल. यशयाच्या ग्रंथात यहोवा याच राजाला, कोरेशाला, आपला अभिषिक्त म्हणतो. मृत्तिकालेखात जेरुसलेमचे नाव नाही आणि यशयाच्या ग्रंथात विजयाचे श्रेय मार्दुकाला नाही. दोन देव एकाच जेत्यावर हक्क सांगतात. निर्वासित यहुद्यांना परतीची वाट हवी होती. मार्दुकाच्या उपासकांना आपली पूजा पूर्ववत हवी होती. त्यांना लाभलेली मुक्ती खोटी ठरवण्याचा अधिकार समीक्षेला नाही.

ओपिसच्या मृतांना मात्र स्वतःची संहिता नाही. त्यांच्या वाट्याला परक्या कालवृत्तातील एखादी ओळ आली. 'मुक्तिदाता' हा शब्द षष्ठी विभक्तीची अपेक्षा ठेवतो : कोणाचा? तो प्रश्न न विचारता शब्द वापरला, की ओपिस पुन्हा एकदा गळते.