‘आस्तिक’मधील प्रीती

वैर मांडून बसलेल्या दोन पक्षांतील तरुण-तरुणीची प्रीती हा कादंबरीकारांचा जुना व आवडता विषय होय. साने गुरुजींनी (१८९९–१९५०) ‘आस्तिक’ या कादंबरीत तो हाताळताना महाभारतातील आस्तीकाच्या आख्यानाचा आधार घेतला. राजा जनमेजय नागजातीच्या संहारास उद्युक्त झाला असता आर्यकन्या वत्सला व नागतरुण नागानंद यांची मने जुळतात, हा तिच्यातील जिव्हाळ्याचा भाग.

मूळ आख्यानाशी ताडून पाहिले म्हणजे लेखकाची कामगिरी ध्यानात येते. महाभारतातील जरत्कारू ऋषी नागकन्येशी विवाह करतो, तो प्रीतीने नव्हे, तर पितरांच्या उद्धारासाठी. वधूचे नाव आपलेच असावे, ही त्याची अट. आणि सूर्यास्तसमयी तिने झोपेतून जागे केले एवढ्यावरून तो तिला सोडून जातो. या विवाहापासून झालेला पुत्रच पुढे सर्पसत्र थांबवितो. सारे नागकुल ज्या विवाहाने वाचले, त्यात त्या स्त्रीचे मन कोणी विचारले नाही. साने गुरुजींनी नागांना माणसे केले आणि वत्सलेला निवडीचा अधिकार दिला. कादंबरीचे खरे नावीन्य येथे आहे.

दोषही येथेच आहे. तक्षकाच्या वैरामागे महाभारतात खांडववनाच्या दाहाची जखम आहे. नागानंदाच्या स्वभावात मात्र त्या जखमेचा व्रण दिसत नाही. तो इतका सौम्य व सेवापरायण आहे, की त्याच्यावर प्रेम करण्यास वत्सलेला काहीच ओलांडावे लागत नाही. घरातही सुश्रुता आजीचे उदार मन तिच्या पाठीशी आहे. शत्रुपक्षातील माणूस रागीट आहे, त्याचा राग न्याय्य आहे, आणि तरीही तो हवासा वाटतो, अशी अवस्था लेखकाने चितारली असती तर ही प्रीती अधिक खरी वाटली असती.

राजाच्या हृदयपरिवर्तनास मात्र आम्ही असंभाव्य म्हणणार नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून १९४७च्या मे महिन्यात ज्याने प्राण पणास लावले, त्या लेखकाची आत्मबलावरील ही श्रद्धा उसनी नव्हती.

हा विषय पुराणकाळापुरता नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांत कोलामांचे पोड इतरांच्या गावांना लागून आहेत. आठवडी बाजार एकच. पण त्यांच्या कोलामी भाषेतील दोन वाक्ये आपल्यापैकी कितीजणांस येतात? १९५४च्या विशेष विवाह कायद्याने भिन्न धर्मांतील वधूवरांसही मार्ग मोकळा केला, तरी त्यातील तीस दिवसांच्या नोटिशीचा काळ अनेक जोडप्यांना घरच्यांच्या भयात काढावा लागतो. ते घर कित्येकदा आपल्यासारख्या सुशिक्षितांचेच असते.

म्हणून ही कादंबरी कुटुंबात मोठ्याने वाचावी, असे आम्हांस वाटते. नागानंद निर्दोष आहे म्हणून वत्सलेची निवड आपल्याला पटते. तो तसा नसता तर आपण काय म्हटले असते, याचा विचार मुलांपेक्षा आईबापांनीच अधिक करावा.